दुकान वाढवा

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर मी भरकटेन आणि मग तूच म्हणशील की हिचं नमनालाच घडाभर तेल.

तुला माहितीये ना, मी मामाच्या हाताखाली लागलेय. विद्यापीठात, तर्कशास्त्राच्या विभागात, सहायक म्हणून. वशिला म्हणू नकोस हं. माझ्या मुलाखतीच्या वेळी मामा मुद्दाम बाहेर बाकावर जाऊन बसला होता, आणि आत मला जे काय काय विचारलं ना, ते बघता तो आत असता तर बरं झालं असतं. तर आमचा नियम असा, की फाटकाच्या आत 'सर' आणि 'तुम्ही', फाटकाबाहेर 'मामा' आणि 'तू'. पहिल्याच आठवड्यात मी भर वर्गात "मामा, खडू देऊ का" म्हणाले, आणि तेव्हापासून अख्खा वर्ग त्याला पाठीमागे मामासर म्हणतो.

आता मुख्य भानगड आहे ती एका शब्दाची. आजोबांचं बटणांचं दुकान होतं. बटणं, दोरे, चेन, हुक, असलं सगळं. त्या दुकानात 'बंद' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. रात्री फळ्या लावताना 'दुकान बंद करतो' म्हणायचं नाही, 'दुकान वाढवतो' म्हणायचं. बंद म्हटलं की कायमचंच बंद होईल, अशी जुन्या दुकानदारांची धास्ती. मामा त्याच गल्ल्यामागे बसून अभ्यास करत मोठा झाला, त्यामुळे त्याच्या जिभेला तेच वळण. तास संपला की पुस्तक मिटतो आणि म्हणतो, "चला, दुकान वाढवा." नवीन मुलं पहिल्या दिवशी बावळटासारखी बसून राहतात, त्यांना वाटतं अजून काहीतरी वाढणारेत. जुनी मुलं तोवर दाराबाहेर.

आणि यंदा विद्यापीठानं प्रत्येक वर्गात एक एआय मदतनीस बसवला. फळ्याच्या वर माइक, टेबलावर स्क्रीन. तो तास ऐकतो, टिपणं काढतो, सरावाचे प्रश्न बनवतो, मुलांनी घरून काही विचारलं तर उत्तर देतो, आणि मीटिंग असली की तिचा वृत्तान्त लिहून सगळ्यांना पाठवूनही देतो. मामानं त्याचं नाव ठेवलं जावईबापू. का, तर म्हणे आपण काही बोलावलेलं नसतं, वरच्यांनी ठरवलेलं असतं. बोलतो गोड, त्याला नाही म्हणता येत नाही, आणि काही बिघडलं तर निस्तरायचं आपण. मामी म्हणाली, "माझ्या बाबांनाही अगदी हाच अनुभव आहे."

हसू नकोस, पुढे हसण्यासारखं नव्हतं. जावईबापू टिपणं काढतात म्हटल्यावर मुलं यायचीच बंद झाली. आधीच मूठभर, त्यातली निम्मी गळाली, मग उरलेली. कशाला येतील, घरबसल्या सगळं मिळतंय. एका सोमवारी तर वर्गात मी, मामा, जावईबापू आणि डुलकी. डुलकी म्हणजे शेवटच्या बाकावर झोपणारी एक मुलगी. ती का येते म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, घरी धाकटी भावंडं झोपू देत नाहीत. त्या दिवशी मामानं पूर्ण तास घेतला, पण माझ्याकडे नाही बघितलं, डुलकीकडे बघून उपयोग नव्हता, सगळा वेळ माइककडे बघून शिकवलं. मला कसंतरीच झालं गं. जणू रिकाम्या दुकानात बसून तो बटणं मोजतोय.

त्याच आठवड्यात मीटिंग आली. कमी मुलांच्या विषयांचं काय करायचं, ठेवायचे की नाही. सगळे आपापल्या घरून स्क्रीनवर, कॅमेरे बंद, कुणाच्या तरी घरात मिक्सर चालू. मी मामाच्या शेजारीच बसले होते. त्याची पाळी आली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "माझं मत विचाराल तर या विषयाचं दुकान आता वाढवावं. माझी तयारी आहे."

 म्हणजे विषय संपवायचा आणि हा मुदतीआधीच घरी बसणार. इतकी वर्षं ज्यानं 'म्हणून' आणि 'तरीही' यातला फरक मुलांच्या डोक्यात घातला, तो माणूस. पण पलीकडून कुणी हूं का चूं केलं नाही. नको हो सर, असं तरी म्हणावं ना एखाद्यानं. मामाला तेच जास्त लागलं. खरी गोष्ट अशी की कुणी ऐकतच नव्हतं.

एकटे जावईबापू ऐकत होते.

मीटिंग संपली न संपली तोच सगळ्यांना वृत्तान्त गेला. त्यात काय, तर 'तर्कशास्त्र या विषयाचा विस्तार करावा असा सरांचा आग्रह असून त्यासाठी त्यांची पूर्ण तयारी आहे.' आग्रह हा शब्द तर त्यांनी पदरचा घातला. आणि दुसऱ्या दिवशी डीन मॅडमचा निरोप. या डीन मॅडम नवीन आहेत, घरात सगळे नोकरदार, दुकानाशी संबंध फक्त गिऱ्हाईक म्हणून. त्यांना वाटलं, बाकीचे सगळे रडगाणं गातायत आणि हा एकच माणूस उमेदीनं काही मागतोय. त्यांनी कळवलं की मोठा हॉल लगेच देते, पुढच्या सत्रापासून विषय सगळ्या शाखांना खुला करते, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी येऊन फक्त नक्की करा.

संध्याकाळी जेवायला मी मामाकडेच होते. मामा नुसता फणफणत होता. मामी भाताचं भांडं घेऊन उभी, "वाढू का" म्हणून विचारतेय, आणि हा ताटावर हात धरून भाषण देतोय. म्हणाला, "जन्मभर दुकान वाढवा म्हणालो, ते कधी वाढलं नाही. एकदा मनापासून बंद करायला गेलो, तर वाढलं."

मामी म्हणाली, "मी 'वाढू का' विचारते तेव्हा तुम्हाला अर्थ बरा कळतो. त्या बिचाऱ्याला कुणी सांगितला होता?"

जावयाची बाजू घेऊ नकोस म्हणून मामानं तिला दटावलं, आणि ताट पुढे केलं. मी हळूच विचारलं, मग शुक्रवारी काय? तर म्हणाला, काय म्हणजे, जाऊन खरं ते सांगायचं. विषय संपवा. सरळ शब्दांत.  मला तो घरी बसायला नको होता. माझ्या नोकरीचं सोड, तो घरी बसून करणार काय? मामीला तर्क शिकवणार? ती टिकू देईल का त्याला?

पण मामा जातिवंत मास्तर ना. चूक सापडली की ती फळ्यावर मांडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात गेला आणि तो वृत्तान्त स्क्रीनवर लावला. एका बाजूला तो स्वतः बोललेलं वाक्य, दुसऱ्या बाजूला जावईबापूंनी लावलेला अर्थ. आणि वर्गात मुलं होती, बरं का. जावयानं मामाला मामा बनवलं, ही बातमी तोवर सगळीकडे गेली होती, त्यामुळे गंमत बघायला बरीच मंडळी जमली होती. मामा म्हणाला, सांगा, तर्क कुठे घसरला?

अगं, काय जुंपली म्हणतेस. एक म्हणतो शब्द चुकला, तर्क नाही. दुसरी म्हणते, शब्दच चुकला तर तर्क कसला? तिसरा म्हणतो, सरच चुकले, दोन अर्थांचा शब्द वापरावाच कशाला. मामानं त्याला शाबासकी दिली. तेवढ्यात मागून आवाज आला, "त्यालाच विचारा ना, असं का लिहिलंस ते." मागे वळून बघतो तर डुलकी. जागी.

मामानं तिलाच पुढे बोलावलं. ती आली, डोळे चोळत, आणि विचारलं. जावईबापूंचं उत्तर स्क्रीनवर उमटलं. आधी चुकीबद्दल क्षमा वगैरे नेहमीचं गोड बोलणं, आणि मग असं: 'सर प्रत्येक तासाच्या शेवटी दुकान वाढवा म्हणतात आणि पुढच्या तासाला पुन्हा येऊन शिकवतात. त्यामुळे वाढवणे म्हणजे पुढे चालू ठेवणे, असा अर्थ मी लावला.'

 मग सगळे हसले. मामा हसला नाही. तो ते वाक्य पुन्हा वाचत होता, ओठ हलवत, आजोबा पावती वाचायचे तसा.

मग त्यानं खाकरून विचारलं की हे कारण याच्याकडे लिहितानाच होतं, की आत्ता आपण विचारल्यावर यानं जुळवलं? कसं ओळखाल?   डुलकी म्हणाली, "ते नाही ओळखता येणार, सर. पण कारण नंतर सुचलं म्हणून ते चुकीचं ठरत नाही ना?"

मामानं खडू खाली ठेवला. मग म्हणाला, "हे तू झोपेत शिकलीस?"

"नाही सर, तुमच्या तासाला."

"म्हणजे तेच."

एवढं हसणं त्या खोलीनं कधी ऐकलं नसेल. घंटा झाली, कुणी उठलं नाही. पुढच्या तासाचे सर दारात येऊन खोकतायत, तरी कुणी उठेना. मामानं जाता जाता मुलांना काम दिलं, जावईबापूंशी वाद घाला, त्यांना तर्कात चुकवा, आणि चूक नुसती आणू नका, सिद्ध करून आणा. मी फायली गोळा करत होते, आणि दाराशी आल्यावर माझ्या लक्षात आलं की आज हा दुकान वाढवा म्हणालाच नाही.

पुढच्या तासाला बाकं भरलेली. एक मुलगा मोठ्या ऐटीत चूक पकडून घेऊन आला, आणि फळ्यावर मांडता मांडता त्यालाच कळलं की जावईबापू बरोबर आहेत आणि घोडं त्याचंच अडलंय. मामा इतका खूश झाला, इतका, की त्यानं त्या मुलाकडून ते दुसऱ्यांदा मांडून घेतलं. तो तासही तसाच संपला, म्हणजे संपलाच नाही. जिन्यातसुद्धा मुलं भांडत होती. दुकान वाढवा नाही ते नाहीच. त्याच्या पुढच्या तासालाही नाही.

मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं. पण शुक्रवारी सकाळी त्याच्या घरी जाऊन बघते तर हा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मी विचारलं, काय सांगणार आहेस? म्हणाला, ठरलं तेच, शब्द म्हणजे शब्द. मामी मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजली, की पहाटेपासून आरशासमोर 'बंद करा' म्हणायची तालीम चाललीये, आणि 'बं'च्या पुढे गाडीच जात नाहीये. पन्नास वर्षांची सवय गं, आजोबांनी लावलेली. जिभेला हाडच फुटलं होतं त्याच्या.

तर आम्ही डीन मॅडमच्या खोलीत. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी विचारलं आणि म्हणाल्या, सर, मग नक्की ना? काय करायचं?

मामानं चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. तोंड उघडलं, मिटलं. खाली अंगणात आमची मुलं कुठल्या तरी मुद्द्यावरून एकमेकांवर ओरडत होती, ते खिडकीतून स्पष्ट ऐकू येत होतं. मग मामा म्हणाला, "वाढवा."

मॅडमनी पेन उचललं, आणि तसंच धरून ठेवलं. मुलांनी त्यांच्याही कानावर घातलं होतं म्हणे, की सरांच्या वाढवाला दोन अर्थ आहेत. त्यांनी विचारलं, यातला कुठला?

तर्कशास्त्राचा माणूस सरळ उत्तर देईल तर शपथ. म्हणाला, "ते संदर्भावरून ठरतं."

मॅडम हसल्या. आणि अगं, वळल्या ना माझ्याकडे. "तुम्ही त्यांची भाची ना? त्यांचं बोलणं तुम्हाला कळतं. सांगा, काय लिहू?"

मी मामाकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता, अगदी परीक्षेत पर्यवेक्षक बघतो तसा, म्हणजे कॉपी कर म्हणतही नाही आणि करू नकोसही म्हणत नाही. माझ्या मनात काय काय येऊन गेलं. चुकीचं सांगितलं तर त्याच्या डोक्यावर नको असलेला हॉल. नाही सांगितलं तर तो घरी, आणि कायमचा. फळ्या एकदा लागल्या की पुन्हा उघडायला कोण येणार?

मी म्हटलं, "मोठा हॉल, मॅडम."

त्यांनी लिहिलं. मामा उठला, "येतो" म्हणाला, आणि त्या 'येतो'चा अर्थ मात्र मॅडमनी विचारला नाही.

जिना उतरलो, अंगण ओलांडलं, मामा पुढे. मी त्याच्या मागून. फाटकाबाहेर पडलो तसा थांबला. म्हणाला, "मी काय म्हणालो, आणि तू काय सांगितलंस?"

"तू म्हणालास तेच."

"कशावरून?"

"मामा, तीन तास झाले, तू दुकान वाढवा म्हणालेला नाहीस."

तो चालायला लागला. बराच पुढे गेल्यावर मागे न बघता म्हणाला, "अनुमान कच्चं आहे." आणि मग आणखी थोडं पुढे गेल्यावर, "निष्कर्षाला हरकत नाही. सोमवारी त्या हॉलची किल्ली मागून घे."

बस, एवढंच. त्याला तेव्हा नक्की काय म्हणायचं होतं ते त्यानं अजून सांगितलेलं नाही, आणि मी विचारलं की संदर्भ म्हणतो. मामी म्हणते मी बरोबर केलं, पण मामी जावयाच्याही बाजूची आहे, तिचं काय धरायचं. मला आपलं राहून राहून वाटतं, त्या खुर्चीत माझ्या जागी तू असतीस, मॅडमचं पेन तसं हवेत, आणि मामा पंख्याकडे बघतोय. आता बोल, आता मधे बोललीस तरी चालेल. तू काय सांगितलं असतंस?