नाव झाकलेला फोटो

"दरवर्षी नवीन येतात आणि दरवर्षी माझ्याच पायावर पाय देतात," मामा तिच्या कानाशी पुटपुटले, म्हणजे तिला नीट ऐकू जाईल इतकं हळू. "अंधारात बघायला शिकायला आलेत, आणि स्वतःचं पाऊल कुठं पडतंय ते दिसत नाही."

"चुकलं, मामा," ती म्हणाली आणि भिंतीला चिकटली.

मामा म्हणजे एक्स-रे विभागाचे शिपाई. तीस वर्षं फोटो पाकिटात घालून आणि पाकिटातून काढून त्यांना अर्धं डॉक्टरी आलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तिला इथे लागून चार दिवस झाले होते. विभागात तिचं नाव अजून कुणी घेत नव्हतं, सगळे 'नवी' म्हणत. डॉक्टर होऊन तीन वर्षं झालेली बाई पुढचं शिकायला आली की पुन्हा बालवाडीत बसते, तसं तिचं झालं होतं.

विभागाची एक रीत होती. रोज सकाळी विभागप्रमुख मॅडम कालच्या ढिगातला कुठलाही फोटो काढायच्या, रुग्णाचं नाव आणि वय कागदाच्या पट्टीनं झाकायच्या आणि उजेडाच्या पेटीवर लावायच्या. नव्या माणसानं तो सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचायचा. "नाव कळलं की डोळा मऊ पडतो," मॅडम म्हणायच्या. "आधी वाचा, मग कळवळा."

तिचं लक्ष मात्र आज ढिगाकडे होतं. काल दुपारी खालच्या मजल्यावर तिच्या बाबांच्या छातीचा फोटो काढला होता. आज जेवणाच्या सुट्टीत तो एकटीनं बघायचा, असं तिनं ठरवलं होतं. खोकलाच तर होता. घरात त्याला सगळे 'तो खोकला' म्हणत, जणू लांबचा पाहुणा मुक्कामाला आलाय आणि जायचं नाव घेत नाही.

पाहुणा हिवाळ्यात आला होता. तेव्हा तिची प्रवेशपरीक्षा तोंडावर होती, तीही दुसऱ्या खेपेची. आईचा फोन आला, तेव्हा तिनं पुस्तकाच्या पानात बोट घालून ठेवत विचारलं होतं, "सुका आहे की ओला?" आई म्हणाली, "सुका." तिनं औषध सांगितलं. महिन्यानं दुसरं सांगितलं. दोन्ही वेळा बोट पानातच होतं. बाहेर कुठे दाखवा म्हटलं की बाबा हसायचे. "घरात डॉक्टर असताना बाहेर पैसे द्यायला मी काय खुळा आहे?" मग सगळ्यांचं ठरलं, आधी तिची परीक्षा होऊ दे. मग आधी निकाल लागू दे. मग आधी प्रवेश होऊ दे. बाबांच्या शर्टाची कॉलर ढिली होत गेली, ती शिंप्याच्या माथी मारली.

"नवी, ये पुढे," मॅडम म्हणाल्या.

पेटीचा दिवा लागला. ती उभी राहिली आणि वाचू लागली. "छातीचा फोटो. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गोळा आहे, लिंबाएवढा. कडा साफ नाहीत, काटे फुटल्यासारख्या आहेत. तिथली तिसरी बरगडी कुरतडलेली दिसतेय. तळाशी पाणी साठलंय."

"छान. आणखी?"

"डाव्या बाजूला..." ती थांबली. डाव्या कॉलरबोनचं हाड मधोमध वाकडं जुळलेलं होतं, मध्ये सुपारीएवढा उंचवटा. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तरुणपणी शिडीवरून पडले आणि हाड जसं जुळलं तसं जुळलं. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसल्यावर ती तोल सांभाळायला बोटांनी तोच उंचवटा धरायची.

"डाव्या बाजूला काय?"

"जुनं मोडलेलं हाड. जुळलेलं. आजाराशी संबंध नाही."

"गोळा किती दिवसांचा असेल? अंदाजानं."

मामांनी मागे कुठलंसं पाकीट खाली ठेवलं. ती म्हणाली, "सहा महिन्यांच्या आतला नाही. हिवाळ्यात फोटो काढला असता, तर दिसला असता."

"पहिल्या आठवड्यात इतकं स्वच्छ कुणी वाचलेलं मला आठवत नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पट्टी सोलून काढली. त्यांनी नाव वाचलं, आडनाव वाचलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. दिवा त्यांनी स्वतःच बंद केला.

"खाली आहेत का ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जा."

खाली व्हरांड्यातल्या बाकावर आई एकटीच होती, मांडीवर पिशवी घेऊन. "रक्त द्यायला आत गेलेत," ती म्हणाली. "हॉस्टेलला बादली आहे का गं? मी एक आणलीय. आणि जाड चादर आणलीय, तिथल्या चादरी म्हणजे नुसता देखावा..."

"आई, फोटो आला."

आईनं पिशवीची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "आत्ता नको काही सांगूस. त्यांच्या पोटात सकाळपासून काही नाही. आधी जेवू देत."

"आई, तो खोकला सुकाच होता ना?"

आई समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर शांतता राखा असं लिहिलं होतं, आणि ती ते पुन्हा पुन्हा वाचत असावी. "त्यांचे रक्ताचे रुमाल मी वेगळे धूत होते," ती म्हणाली. "तुझी परीक्षा पंधरा दिवसांवर होती."

तेवढ्यात बाबा आले, दंडावर कापूस दाबून. येता येता एका अनोळखी म्हाताऱ्याला सांगत होते, "वर आहे ना, वरच्या मजल्यावर, मुलगी. फोटो वाचते." मग मुलीला पाहून त्यांनी शर्ट सारखा केला आणि दोघींच्या मध्ये बसले. बसताना लागलेला दम त्यांनी खाकरण्यात लपवला.

"काय, डॉक्टरीणबाई, नोकरी सोडून खाली? का हाकलून दिलं?"

"सुट्टी दिलीय थोडी."

"माझा फोटो दिसला?"

"बाबा, आधी जेवूया," ती म्हणाली.

"हो, आधी जेवूया," आई घाईनं म्हणाली. "चला, उठा."

बाबा उठले नाहीत. त्यांनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "हिवाळ्यापासून आधी हे, आधी ते चाललंय," ते शांतपणे म्हणाले. "वर सगळ्यांना वाचून दाखवतेस ना तू? मग मलाही दाखव. छाती माझी आहे."

आईनं त्यांच्या पाठीमागून तिचा हात दाबला, नको म्हणून. तिनं हात सोडवून घेतला नाही. पट्टी लावून वाचणं तिला चार दिवसांत आलं होतं, पट्टी काढून वाचणं कुणी शिकवलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "कॅन्सर आहे. तपासण्या व्हायच्यात, पण मला दिसलाय. हिवाळ्यातच होता. आणि मी तुम्हाला न बघता फोनवर खोकल्याचं औषध सांगत राहिले."