तिसऱ्या गाण्यातली चूक

कुंदननं ते खोटं वाक्य लिहिलं, एकदा मागं जाऊन वाचलं आणि तसंच राहू दिलं. 'तिसऱ्या गाण्यात खालच्या पट्टीतला जो दुसरा आवाज येतो, तोही मिनोरीचाच आहे.' शेडमध्ये झेंडूच्या ढिगाशेजारी तो पालथ्या क्रेटवर बसला होता. मांडीवर अर्धी ओवलेली माळ होती आणि हातात फोन. एवढंसं वाक्य लिहिताना त्याचे कान गरम झाले होते.

तो आवाज मिनोरीचा नव्हता. रेइकाचा होता. कुंदनला हे पहिल्याच ओळीत कळलं होतं. त्याच्या माहितीत हे ओळखू शकणारं आणखी एकच माणूस होतं, त्याची थोरली बहीण अंजली. आणि ती दोन वर्षांपासून कुठं आहे, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

जपानमध्ये कार्टून मालिकांतल्या पात्रांना आवाज देणाऱ्या मुली असतात. नाव झालं, की त्या स्वतःच्या नावानं गाणीही काढतात. मखमलाबादच्या मळ्यात वाढलेल्या बहीण-भावाला त्यांचं वेड कसं लागलं, हे विचारू नये. वेड लागायला काही कारण लागत नाही. कुंदनच्या दहावीच्या सुट्टीत अंजलीनं फोनवर एका मालिकेचा भाग लावला होता. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती आणि कुंदनला ती धड वाचता येत नव्हती.

"अक्षरं सोड," ती म्हणाली होती. "आवाज ऐक."

तिचा कान विलक्षण होता. नवं पात्र दोन शब्द बोललं, की आवाज कुणाचा ते ती सांगून मोकळी. मिनोरी नाकात हसते. रेइका ओळ उचलण्याआधी श्वास घेते तो ऐकू येतो, आई फुलांचं टोपलं डोक्यावर घेताना घेते तसा. या दोघींची कुणी गल्लत केली, की अंजलीचा पारा चढायचा. एकदा कुंदननं तिला चिडवायला मुद्दाम केली, तर बाईसाहेब दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

म्हणून तर त्यानं हे वाक्य लिहिलं होतं.

अंजलीनं येवल्याच्या एका विणकराच्या मुलाशी, राजशी, नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी. वडिलांनी, म्हणजे मोतीरामांनी, आरडाओरडा केला नाही. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी फोनवर तिला 'आता इकडं येऊ नको' एवढंच सांगितलं आणि तिचं सगळं सामान, भिंतीवरची चित्रं, डब्या, गाण्यांचा लाल पेन ड्राइव्ह, एका गोणीत भरून घेऊन गेले. कुठं नेलं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. कुंदन तीनदा एसटीनं येवल्याला जाऊन आला. तिसऱ्या खेपेला शेजारच्या बाईनं सांगितलं, की नवरा-बायको सुरतेला गेलीत, नाहीतर पुण्याला. तिचा नंबर तर केव्हाच बंद झाला होता.

मग त्यानं लिहायला सुरुवात केली. या गायिकांचं नवं गाणं आलं, की तो ते वीस-वीस वेळा ऐकायचा आणि आपल्या ब्लॉगवर त्याबद्दल मराठीत लिहायचा. जगात असं लिहिणारा आपण एकटेच असू, अशी त्याची खात्री होती आणि ती बहुधा खरीही होती. तिथं कुत्रंही फिरकत नव्हतं. एक वाचक सोडून. लेख टाकला, की दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास नाशिकमधून कुणीतरी तो उघडायचं. ब्लॉगवर वाचकांची नोंद दिसते, तिथं ते दिसायचं. दोन वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता.

अंजली पहिल्यापासून पहाटे उठणारी. कुंदननं मनाशी पक्कं केलं होतं: सुरत नाही, पुणं नाही, ताई इथंच नाशकात आहे. एका लेखाखाली त्यानं सरळ लिहूनही पाहिलं होतं, 'ताई, फोन कर.' दुसऱ्या पहाटे तो लेख वाचला गेला, पण उत्तर आलं नाही. ती हट्टी होती, विनवण्यांना दाद देणारी नव्हती. चूक मात्र तिला कधी सहन झाली नव्हती.

आणि आता त्याच्याकडं दिवस उरले नव्हते. आठ दिवसांवर त्याचं योगिनीशी लग्न होतं.

लेखातलं बाकी सगळं त्यानं जीव ओतून खरं लिहिलं होतं. मिनोरीच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि दीड वर्षानं तिची ही पाच गाणी आली होती. लोक म्हणत होते, संपली. पहिल्या गाण्यात वरच्या सुरावर तिचा आवाज फाटतो आणि तो फाटलेलाच ठेवलाय. कुंदननं लिहिलं, 'पूर्वी ही दुसऱ्या कुणाच्या तरी वतीनं हसत गायची. आता तिला कुणाचं सोंग घ्यायचं नाही. मला हा आवाज आधीपेक्षा जवळचा वाटतो.' हे लिहिताना त्याला एकाच गोष्टीची तळमळ लागली होती, की ताईनं हे ऐकलं असेल का? ऐकलं असेल तर त्या फाटलेल्या सुरावर ती काय म्हणाली असेल?

"कुंदन, ऊठ रे." आई शेडच्या तोंडाशी उभी होती. तिच्या एका हातात पत्रिकांचा गठ्ठा होता आणि दुसऱ्या हाताची बोटं हळदीनं पिवळी झाली होती. "देवाची पत्रिका झाली. बाकीच्या आज निफाडला धाडायच्यात, योगिनीच्या मामाकडं."

कुंदननं वरची पत्रिका घेतली. तिच्यात घरातल्या सत्तावीस जणांची नावं होती. चुलतभावाच्या दीड वर्षाच्या पोराचंसुद्धा होतं.

"आई, करवली कोण?"

"मनीषा हाय ना."

"मनीषा चुलत हाय."

"मग? चुलत बहीण काय बहीण नसती?" आईनं पिवळी बोटं पदराला पुसली आणि पुसल्यावर तिच्या लक्षात आलं, की पदर खराब झाला. "तुझ्या नानापुढं मी काय बोलू? तूच बोल की."

तो बोलला होता. एकदाच, दिवाळीत. नानांनी मफलर उचलला होता आणि ते मळ्यात निघून गेले होते, जेवणाचं ताट तसंच टाकून.

आई गेल्यावर कुंदननं लेख टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यानं नोंद बघितली. नाशिक, पाच वाजून वीस मिनिटं. पुन्हा नाशिक, साडेपाच. पुन्हा, पावणेसहा. तीनदा! आजवर असं कधी झालं नव्हतं. तिनं चूक पकडली होती. आता ती दात-ओठ खात लिहीत असणार: कुंद्या, कान आहेत का कांदे? तो शेडमध्ये येऊन बसला आणि वाट पाहू लागला.

साडेसात झाले, आठ झाले. माळ ओवायला घेतली, तर सुई बोटात गेली. तो दर दोन मिनिटांनी लेख उघडत होता. खाली मोकळी जागा तशीच होती. सव्वाआठ. साडेआठ. नऊला त्याला कळून चुकलं, की काही येणार नाही. तिनं तीनदा वाचलं आणि तिला एका ओळीचाही राग आला नाही. या चुकीवर जी गप्प बसते, ती अंजली उरलीच नव्हती. कुणीतरी परकी बाई पहाटे उठून, सवय म्हणून, हे वाचत होती.

त्यानं फोन झेंडूच्या ढिगात फेकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. पंचविशीचा नवरदेव, अंगावर हळद लागायला पाच दिवस राहिलेले, फुलांच्या शेडमध्ये हुंदके देत होता आणि आपल्याला कुणी पाहील याची त्याला फिकीर नव्हती. काय उपयोग या सगळ्याचा? त्यानं ढिगात हात घालून फोन शोधला. ब्लॉग पुसून टाकायचा, सगळाच्या सगळा, आत्ताच.

बाहेर पिकअपचा आवाज आला. नाना फुलबाजारातून परतले होते. कुंदननं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. नानांनी रिकामे क्रेट उतरवले, एकावर एक रचले, मफलर सोडला आणि आत येऊन ढिगाच्या पलीकडं बसले. त्यांनी त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"ते तिसरं गाणं," नाना म्हणाले.

"कोणतं? बँडवाल्याची यादी अजून दिली नाही मी."

"बँडचं नाय. तू लिवलंस ते." नानांनी एक फूल उचललं आणि त्याचा देठ खुडला. "त्यातला खालचा आवाज मिनोरीचा नाय."

कुंदननं फोन खाली ठेवला.

"रेइकाचा हाय तो. ओळ उचलायच्या आधी श्वास ऐकू येतो. तुझी आई टोपलं उचलती तसा."

कुंदन ढिगावरून पुढं वाकला.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं, नाना?"

"अंजूनं. बाजारात यायची ना माझ्यासंगं. तू घोरत पडलेला असायचा." नानांनी पिकअपकडं मान केली. "जाताना लावायची. ही कोण, ती कोण, वळखा. चुकलं का लय वरडायची माझ्यावर."

कुंदननं पिकअपच्या काचेतून पाहिलं. स्टिअरिंगच्या शेजारी, टेपच्या खाचेत, लाल पेन ड्राइव्ह खोचलेला होता. तो रोज या गाडीत क्रेट चढवत होता, पण पुढं बसायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. पुढं नाना बसायचे. नाना भजनं ऐकत जातात, असं सगळे धरून चालले होते.

"आणि लेख?"

"एकदा तू स्टेटसला ठिवला होता. तवाच लिंक धरून ठिवली. लिलाव सुरू व्हायच्या आधी वाचतो, गाडीत बसून. काल टाकलेला आज तीनदा वाचला. म्हनलं, मलाच ऐकू कमी येतंय का काय. गाणं पण काढून घेतलं तिथल्या पोराकडून."

साडेपाच वाजता, नाशिकमधून, न चुकता. दोन वर्षं ज्या एका वाचकाच्या जिवावर त्यानं दिवस काढले, तो रोज रात्री त्याच्या समोर बसून भाकरी खात होता. ताई नाशकात नव्हती. ती कुठंच नव्हती.

"मला नोंद दिसायची, नाना," तो म्हणाला. "पहाटे एकजण वाचतं, एवढं दिसायचं. मला वाटायचं, ताई आहे."

नानांच्या हातातलं फूल खाली पडलं. त्यांनी ते उचललं नाही.

"तुम्ही का वाचत होता?"

"मला वाटायचं, तुला ठावं असंल ती कुठं हाय." नाना मातीकडं बघून बोलत होते. "माझ्यापासून लपवत असशील. मग लिवण्यात कुठंतरी सुटंल तुझ्याकडून, गावाचं नाव, काहीतरी. सगळं नीट वाचायचो. मग तू 'ताई, फोन कर' लिवलं. तवा कळलं, तुलाबी ठावं नाय."

"तरी वाचत राहिलात?"

"मग काय करू?" नाना एकदम चिडून म्हणाले. "मी नको म्हनलेलं हाय तिला. मी कुठल्या तोंडानं शोधू?"

त्यांनी मफलर तोंडाशी धरला. कुंदननं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. उठून त्यांच्याजवळ जावं, असं त्याला वाटलं, पण त्यांच्या घरात तशी रीत नव्हती. त्यानं फोन उघडला.

"थांबा, दुरुस्त करतो ते."

"नको." नानांनी हात पुढं केला. "तू मुद्दाम लिवलंस ना ते? तुला कळत नाय असं नाय. मग राहू दे."

"काही उपयोग नाही, नाना. ती वाचतच नाही."

"एका चुकीनं नाय भागायचं." नाना बाजारभावाचा अंदाज घेताना करतात तसे डोळे बारीक करून बसले. "आनखी एक टाक. लिव, मिनोरी कधी नाकात हसत नाय. त्यो रेइकाचा गुण हाय."

हे वाचून अंजलीनं घर डोक्यावर घेतलं असतं. कुंदनला हसू आलं. तो टाइप करू लागला. नाना उठून त्याच्या मागं येऊन उभे राहिले आणि चष्म्याशिवाय पडद्यावर वाकले.

"आता खाली तारीख लिव लग्नाची. आन लिव, करवली ठरायची हाय अजून."

त्यानं लिहिलं. नानांनी ते दोनदा वाचलं आणि मान हलवली. मग ते रिकाम्या क्रेटकडं वळले, पण दोन पावलांवर थांबले.

"मी उद्यापासून वाचायचा नाय," ते म्हणाले. "म्हणजे कुणी वाचलं, तर तुला कळंल."