ज्या संध्याकाळी दिवे गेले नाहीत

“आलात कधी? मला आवाजच नाही आला!” वीजघराच्या दारात उभा राहून एल्विओ नावेल्कीर म्हणाला. हात पुसायचं फडकं हातातच राहिलं. समोर दोन मोटरसायकली आणि दोन ट्रक उभे होते, आणि त्याच्या कानाला पत्ता लागला नव्हता. असं आजवर घडलं नव्हतं.

बाहो ग्रिस हे पातागोनियाच्या उघड्या माळावरचं सत्तावीस घरांचं गाव, आणि त्याचं डिझेलवरचं वीजघर एल्विओ एकतीस वर्षं सांभाळत होता. काम हातापेक्षा कानाचं. यंत्राचा सूर जरा जड झाला की कुणाकडे इस्त्री लागली आणि कुणाकडे भट्टी, हे तो जेवता जेवता सांगे. त्याची बायको ओतिलिया म्हणायची, “अख्ख्या गावाचा सूर कळतो ह्याला. माझा बिघडलेला तेवढा कळत नाही.”

पाहुणे टीव्हीवाले होते. एक नावाजलेला नट आणि त्याचा मित्र विजेच्या मोटरसायकलींवरून खंडाच्या दक्षिण टोकापासून थेट उत्तरेला निघाले होते, आणि त्यांची वाटेतली फजिती लोकांनी घरबसल्या पाहायची, असा तो कार्यक्रम. ट्रकही विजेचेच. पुढचं गाव दीडशे किलोमीटरवर, आणि चारही गाड्यांची बॅटरी तळाला गेलेली. आम्हाला जेवायला घाला म्हणणारे वाटसरू एल्विओनं पुष्कळ पाहिले होते; आमच्या गाडीला घाला म्हणणारे हे पहिलेच.

तो मोटरसायकलीशी उकिडवा बसला तो उठेचना.

“ही आजारी पडली तर कळतं कसं?” त्यानं नटाला विचारलं.

“इथे पडद्यावर आकडे येतात.”

“आकडा सांगेल बरं नाही म्हणून. कुठं दुखतंय ते कोण सांगणार?”

नट खदखदून हसला. त्यानं गाडी मधल्या स्टँडवर चढवली, चाक सावकाश फिरवलं आणि म्हणाला, “तुम्हीच ऐका.” एल्विओनं टोपी काढून कान लावला. पाणी उकळायच्या आधी किटली गुणगुणते, तेवढाच आवाज होता. पण होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

दोन यंत्रांपैकी एक त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी खोललेलं होतं. उरलेल्या एका यंत्रावर गाव आणि गाड्या दोन्ही ओढायचं म्हणजे एल्विओच्या कसबाची कसोटी होती. जून म्हणजे तिथला ऐन हिवाळा; त्या थंडीत तो घरोघर फिरला. संध्याकाळी इस्त्री नको, हीटर एकच लावा, पाव दुपारीच भाजून घ्या. शेवटी तो दोन्या फेर्मिनाकडे पोचला. गावातली सगळ्यात थोरली बाई, म्हणून नावाआधी मानाचं ‘दोन्या’. फुप्फुसं थकलेली, नाकाला नळी, आणि उशाशी विजेवर चालणारं प्राणवायूचं यंत्र.

“माझं काय बंद करायला आलायस? नाक?”

“तुमचं काही नाही, दोन्या. तुमचं चालू राहावं म्हणून बाकीच्यांचं करतोय.”

“मग बस जरा. तो नट दिसायला बरा आहे का रे?”

“बरा आहे. पण हसतो फार.”

दुपारी ओतिलियाच्या स्वयंपाकघरात तुंबा फिरू लागला. त्यात येर्बाचा कडू पाला, वरून ती गरम पाणी ओतणार, ज्याची पाळी त्यानं नळीनं ओढून रिकामा तुंबा तिला परत द्यायचा. कार्यक्रमाचा दिग्दर्शक टोबी मोठा सभ्य माणूस. पुस्तकातून शिकलेली भाषा तो काळजीपूर्वक बोलायचा. पहिलाच तुंबा परत करताना तो हसून म्हणाला, “ग्रासियास.” पुढच्या फेरीत ओतिलियानं त्याला वगळलं. त्याच्या पुढच्या फेरीतही.

“बघतोय बिचारा तुंब्याकडे,” ती पुटपुटली. “देऊ का?”

“ग्रासियास म्हणाला ना तो? पुरे झालं म्हणाला. उगाच आग्रह कशाला!” एल्विओ म्हणाला. धन्यवाद हा शब्द सगळीकडे चालतो, पण तुंब्याच्या फेरीत नाही. तिथे तो म्हटला की माणूस फेरीतून उठला. टोबीला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला हवं हे इथे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

टोबीनं खुर्ची पुढे ओढली. “एक विनंती होती. पाच वाजता अंधार पडला की दोन मिनिटं गावाची वीज बंद कराल? आम्ही टेकडीवरून चित्रण करू. आमच्या गाड्यांसाठी गावानं अंधार सोसला, हे लोकांना दिसायला हवं.”

“पण वीज जाणार नाहीये,” एल्विओ म्हणाला. “सगळं बसवलंय मी.”

“तोच तर प्रश्न आहे.”

“आणि दोन्या फेर्मिनाचं यंत्र?” ओतिलियानं विचारलं.

“त्यांना आम्ही सिलिंडर देऊ. डॉक्टर आहे आमच्याबरोबर.”

एल्विओला खरंच कुतूहल वाटलं. “मग दिवे चालू असलेलेच दाखवा की.”

टोबी समजुतीनं हसला. “दिवे चालू असण्यात बघण्यासारखं काय असतं?”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण एल्विओला ते आरपार लागलं. एकतीस वर्षं त्यानं हेच तर केलं होतं: कुणाला बघावं लागू नये असं काम. त्यानं आपल्या पाळीचा तुंबा शांतपणे संपवला, ओतिलियाच्या हातात दिला आणि म्हणाला, “ग्रासियास.”

ओतिलियाचा हात थांबला. सात-आठ तुंब्यांशिवाय न उठणारा माणूस तिसऱ्यालाच उठला होता. टोबीचा चेहरा मात्र उजळला. त्यानं एल्विओचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि लगबगीनं कॅमेरे टेकडीवर चढवले.

पाच वाजले. एल्विओ यंत्राशी उभा होता, एक हात इंधनाच्या दांड्यावर. सूर जड झाला, त्यानं दांडा केसभर सरकवला. पुन्हा जड झाला, पुन्हा सरकवला. सत्तावीस घरांतला एकही दिवा लुकलुकला नाही. सहा वाजता टोबी धापा टाकत खाली आला.

“पण तुम्ही ग्रासियास म्हणालात!”

“म्हणालो की. म्हणूनच तर.”

सकाळी भरल्या पोटानं गाड्या, आल्या तशाच आवाज न करता, निघून गेल्या. या खेपेला मात्र एल्विओला ती किटली ऐकू आली, अगदी वळणापर्यंत.

पुढच्या हिवाळ्यात कार्यक्रम लागला. मोठ्या वीजवाहिनीचे खांब एव्हाना गावापर्यंत आले होते. सप्टेंबरपासून वीज दुरून येणार होती आणि यंत्र थांबणार होतं. शाळेच्या खोलीत सगळं गाव जमलं. पडद्यावर आपापली घरं दिसताच आरोळ्या उठल्या. मग नटाचा आवाज आला: या गावानं आपल्याजवळचं सगळं आम्हाला दिलं. आणि टेकडीवरून दिसणाऱ्या गावातले दिवे एकेक करून गेले. सगळं काळं झालं. संगणकावर काय काय करता येतं, ते एल्विओला तेव्हा कळलं.

खोलीतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडेच बघत बसला. परक्या मुलखांत हजारो लोक हे बघत असणार, आणि त्यांच्या लेखी बाहो ग्रिसचा वीजवाला गाव अंधारात बुडवणारा ठरला होता.

“म्हणजे त्या दिवशी पाच वाजता मी मेले होते म्हणायचं!”

दोन्या फेर्मिना चाकाच्या खुर्चीत ताठ बसली होती, नळी सावरत. “छान. मला कुणी कळवलं पण नाही!”

खोलीत हशा पिकला. मग खाटीक उठला. “अहो, पाचला मी करवतीवर अख्खं मेंढरू कापत होतो. विजेच्या करवतीवर!” शाळेच्या बाई म्हणाल्या, “मी वह्या तपासत होते.” कुणी धाकटीला न्हाऊ घालत होतं, कुणी रेडिओवर सांगतात त्या निरोपांत आपल्या नावाचा आहे का ऐकत होतं, आणि एकानं सांगून टाकलं की त्यानं मनाई असूनही इस्त्री लावली होती.

“ठाऊक आहे,” एल्विओ म्हणाला. “पाच वाजून दहा मिनिटांनी.”

पुन्हा हशा झाला. पण लोक थांबेनात. वर्षापूर्वीच्या एका साध्या संध्याकाळी उजेडात आपण काय करत होतो, ते जो तो आठवून आठवून सांगत होता. इतक्या वर्षांत त्या उजेडाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. एल्विओचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

भिंतीपलीकडे यंत्राचा सूर एकसारखा चालू होता. ओतिलियानं थर्मासमधून तुंबा भरला आणि पहिला त्याच्या हातात दिला. त्यानं तो तळापर्यंत ओढला, आणि ग्रासियास न म्हणता परत केला.