पोत्याला धरून

"मी पाठीवर नाई झोपत," रुखमा म्हणाली. "मागच्या बाळंतपणाले तुमचंच आयकलं न मी, बाई!"

अकरा वर्षांच्या नोकरीत सुशीलाबाई नर्सनं शेकडो बाया खाटेवर उताण्या झोपवूनच मोकळ्या केल्या होत्या. शिकवलंच तसं होतं. अठ्ठ्याहत्तर साली रुखमालाही तिनं तसंच झोपवलं, वर "लाव जोर!" म्हणून ओरडली, आणि पोरगी आईला फाडून बाहेर आली. टाके घालायला बैलबंडीतून साकोलीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. ते टाकेही पिकले. सहा महिने रुखमाला उकिडवं बसता आलं नाही, धानाच्या रोवण्याचा हंगाम गेला. पण एकोडी गावात कुणी सुशीलाबाईला एका शब्दानं बोललं नाही. तिला तेच जास्त लागलं होतं.

आता रुखमा सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून, धानाच्या पोत्याला मिठी मारून होती. सासू धुरपता तिची कंबर चोळत होती.

"आमी समद्या अशाच बाळंत झालो, बाई. पोत्याले धरून."

"पन मी असं कधी घेतलं नाई, मावशी. पुन्हा तसंच झालं त?"

"मंग खाटेवर तरी काय झालं होतं?"

सुशीलाबाईनं दाराआडून रुखमाच्या नवऱ्याला सांगितलं, "केवळराम, बंडी जुंपून ठेवा." मग ती रुखमाच्या मागं गुडघ्यांवर बसली. सगळंच उलटं दिसत होतं. कुठला हात कुठं लावायचा तेही सुचेना. डोकं दिसू लागलं तशी ती सवयीनं ओरडली, "लाव जोर!"

"चूप राहा न, बाई," धुरपता म्हणाली. "तिचं तिले करू द्या."

गरम पाण्यातलं फडकं सुशीलाबाईनं खालून नुसतं धरून ठेवलं. डोकं हळूहळू, थांबत थांबत आलं. मग खांदे आले. पोरगा रडला.

रुखमानं पोराकडं पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, फाटलं का?"

सुशीलाबाईनं बॅटरी लावून पाहिलं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा पाहिलं.

"नाई वो. कुठंच नाई."

रुखमा पोत्यावर डोकं टेकून रडू लागली.

"बाई, बंडी हाणू का?" बाहेरून केवळरामनं विचारलं.

"सोडा बैल."

जू उतरल्याचा आवाज आला. धुरपतानं चहा ठेवला. सुशीलाबाईला मात्र उठवेना. खाटेवर झोपवलेल्या एकेका बाईचं नाव तिला आठवत होतं.