नामवंतांची पहिली रांग

"कोट खांद्यात सैल आहे, पण कॅमेऱ्यात कळत नाही," असं म्हणत फादरांनी सुदर्शनच्या छातीवर स्वतःच्या हातानं बिल्ला लावला. डॉ. इंद्रजीत राजहंस, अवकाशशास्त्रज्ञ.

फादर कुलगुरू असलेल्या, जेझुइट पाद्र्यांच्या विद्यापीठातून नामवंत माणसं पुष्कळ बाहेर पडली. अडचण इतकीच, की बाहेर पडल्यावर ती परत येत नाहीत. पदवीदानाला पहिली रांग त्यांची. ती रिकामी दिसू नये म्हणून माजी विद्यार्थी विभागातला कारकून सुदर्शन दरवर्षी कोणीतरी होतो. न्यायमूर्ती झाला, बँकेचा अध्यक्ष झाला, एकदा क्रिकेटपटूही. त्याला कोणी ओळखत नाही, ही या कामाची मुख्य पात्रता.

यंदा मात्र त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. त्याची मुलगी ऋतुजा पदवी घेणार होती, घरातली पहिलीच. त्याला वर गॅलरीत, पालकांत, बायको शालनच्या शेजारी बसायचं होतं. फादर हो म्हणाले होते. पण आज सकाळी खऱ्या डॉ. राजहंसांचा निरोप आला, जमत नाही.

"फादर, आजचा एक दिवस..."

"अहो, उलट जवळून दिसेल. फक्त ओळख दाखवू नका."

त्याचं कंत्राट याच महिन्यात नवं व्हायचं होतं, हे फादर बोलले नाहीत. ते फार सभ्य आहेत.

ऋतुजाचं नाव पुकारलं गेलं. सुदर्शननं शास्त्रज्ञाला शोभतील एवढ्याच टाळ्या वाजवल्या. वर शालन उभी राहिली असणार, पण मागे वळून बघायची सोय नव्हती.

पदवी घेऊन ऋतुजा पायऱ्या उतरली आणि त्याच्यासमोर थांबली. तिनं बिल्ला वाचला. मग वाकली.

"बाबा, डोक्यावर हात ठेवा ना," ती खालूनच, हळू म्हणाली.

कॅमेरा त्यांच्याकडेच वळला होता. सुदर्शननं मांडीवरचे हात मांडीवरच ठेवले आणि किंचित मान हलवली.

ती उठली. "थँक यू, सर," म्हणाली आणि गेली.

शेजारच्या खऱ्याखुऱ्या उद्योगपतींनी त्याच्या कानाशी लागून त्या मुलीच्या आईवडिलांचं कौतुक केलं.

ऋतुजाच्या मागच्या मुलाला वाटलं, इथली पद्धतच असावी. तोही वाकला. त्याच्यामागची मुलगी वाकली. व्यासपीठावरून फादर डोळ्यांनी खुणावत होते, बघताय काय, आशीर्वाद द्या. सुदर्शनला पाय मागे घ्यायला जागा नव्हती. त्यानं हात उचलला आणि ऋतुजाच्या मागून आलेल्या एकेकाच्या डोक्यावर, रांग संपेपर्यंत, नीट ठेवला.