मी कापलं नाही, म्हणून

मित्रांनो, मी एक जुना एन्झाइम आहे. काशीतल्या एका प्रयोगशाळेत, नळीच्या तळाशी उरलेला थेंब. माझं माहेर जिवाणूच्या पोटात. आमच्याकडे आल्यागेल्याला कापायची पद्धत होती. घरच्या डीएनएला खुणेचा टिळा असे, म्हणून घरचे वाचत.

माझी दोन अंगं अगदी सारखी. प्रत्येक अंग डीएनएचा एकेक धागा धरतं. एकावर सीसीटी, मग कुठलंही एक अक्षर, मग एजीजी. समोरचा धागा त्याच्या दिशेने, म्हणजे उलटीकडून वाचला तरी तेच. दोन्ही वाचनं जुळली की कच्च! सिकलसेल या रक्ताच्या आजारात नेमकं तिथलंच एक अक्षर बदलतं. मग मी कापत नाही.

१९९४च्या मे महिन्यात दोन दिवस वीज नव्हती. प्रयोगशाळेचे प्रमुख बिंदुमाधव सर घामाघूम होऊन बर्फ घेऊन आले.

"सर, एवढा बर्फ कुठे मिळाला?" संशोधक कालिंदीने विचारलं.

"मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाच्या वाटेवर. तिथे कधी टंचाई नसते."

मला उणे वीस अंश लागतात. बर्फ येईपर्यंत मी गेलो होतो. काशीत मरायला लोक कुठून कुठून येतात; मला ते बसल्या जागी मिळालं. नळी स्वच्छच दिसत होती, म्हणून कुणी रडलं नाही.

पुढच्या आठवड्यात शरदिनी नावाच्या बाईच्या पोटातल्या बाळाचा नमुना सिकलसेलच्या तपासणीला आला. मी कापलं नाही. कसा कापणार? सरांनी 'आजारी' असं लिहून सही केली. कागद घेऊन शरदिनी बाहेर बाकावर बसली. चार वाजता तिला गर्भ काढायला इस्पितळात जायचं होतं.

"सर, सोबत निरोगी नमुना लावला होता ना?"

"एन्झाइम थेंबभर तर उरलाय, कालिंदी. हर बार कशाला?"

कालिंदीने त्यातलाच अर्धा थेंब आपल्या निरोगी डीएनएवर टाकला. तीन वाजता निकाल आला.

"बघा सर. हाही कापला गेला नाही. म्हणजे मीपण आजारी?"

कालिंदी धावत बाहेर गेली आणि तिने शरदिनीच्या हातातला कागद काढून घेतला.

"ताई, जाऊ नका. हे चुकलंय."

"म्हणजे बाळ बरं आहे?"

"तेही कळलेलं नाही."

मित्रांनो, आमच्या जातीला थंड ठेवा. नाहीच जमलं, तर निदान आमच्या गप्प बसण्यावर सही करू नका.