मला दृष्ट लागली नव्हती!

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. ग्रीसमधल्या किमी नावाच्या गावात, बंदराच्या वरच्या आळीत, एव्हान्थिया आणि स्तामातिस या म्हाताऱ्या जोडप्याच्या बैठकीच्या खोलीत मी राहतो. माझ्या डोक्यावर एव्हान्थियाने विणलेला पांढरा रुमाल असतो. त्याने मला उकडतं, पण तिला सांगणार कोण?

माझे सुटे भाग कुठकुठल्या देशांत तयार झाले, हे मलाही धड ठाऊक नाही. अथेन्सच्या एका दुकानात मला जोडलं आणि यांचा मुलगा अर्गिरिस मला फेरीबोटीतून मांडीवर घेऊन इथे आला. माझ्यावर त्याने अभ्यास केला, खेळ खेळला, रागाच्या भरात मला दोन चापट्याही मारल्या. पुढे तो मेलबर्नला नोकरीला गेला, तिथेच त्याने लग्न केलं आणि मी मागे राहिलो. जाताना त्याने आईबापांना एवढंच शिकवलं, की हे गोल चित्र दाबा, पत्रातली निळी ओळ दाबा, म्हणजे मी दिसेन.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांना त्यांचा मुलगा दाखवत आलो. घरात फोन होता तो तारेचा, त्यात नुसता आवाज. चेहरा दाखवायचा तर मीच! पाहुणा आला की कॉफीच्या आधी त्याला माझ्यासमोर उभं करत. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

या उन्हाळ्यात अर्गिरिसच्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला. आमच्याकडे बाप्तिस्म्यापर्यंत मुलाला नुसतं 'बाळ' म्हणतात. चर्चमध्ये बाळाची जबाबदारी घेणारा धर्मपिता नाव उच्चारतो, तेव्हा ते सगळ्यांना कळतं. पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव द्यायची रीत आहे, पण सूनबाई पडली तिकडची. अर्गिरिसला विचारलं की तो हसून म्हणायचा, "बघू गं आई."

"काही का ठेवेनात! मला काय करायचंय?" असं एव्हान्थिया म्हणायची आणि माझी काच पुन्हा एकदा पुसायची. काच स्वच्छच असायची. बाईचा जीव त्या नावात अडकला होता.

आणि नेमक्या त्याच दिवसांत मी बिघडलो.

गोल चित्र दाबलं की नेहमीच्या पानाऐवजी भलतंच पान उघडायचं. त्यावर फिरणारी चक्रं, बक्षिसांचं आमिष, केस उगवण्याची तेलं! पत्रातली निळी ओळ दाबली तर तिसरंच दुकान. माझ्या तोंडून कुणी दुसराच बोलत होता, मित्रांनो, आणि मला साधं 'हा मी नव्हे' असं म्हणायचीही सोय नव्हती. मला अगदी रडू येत होतं.

एव्हान्थियाने पान पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"काल मरिगो आली होती ना?"

मरिगो म्हणजे खालच्या मजल्यावरची शेजारीण. तिचे डोळे निळेशार. आमच्याकडे निळ्या डोळ्यांची नजर फार लागते, असं म्हणतात. म्हणून कुणाचं कौतुक केलं, की लगेच 'फ्तू फ्तू' करून खोटं खोटं थुंकायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही.

"काय देखणा आहे गं तुमचा संगणक, म्हणाली. आणि थुंकली का? नाही थुंकली!"

"अगं, विसरली असेल," स्तामातिस पुटपुटला.

"विसरली म्हणे! बोळक्यात कवळी घालायला बरी विसरत नाही!"

एव्हान्थियाने गॅलरीतूनच खाली ऐकवलं, "नजर लावायला माझंच घर मिळालं का गं?" मरिगो कपडे वाळत घालत होती. तिने वर पाहिलं आणि उरलेले कपडे ओलेच घेऊन आत गेली. तरुणपणापासूनची त्यांची मैत्री, पण त्या दिवसापासून बोलणं बंद.

मग माझी दृष्ट काढायचं ठरलं. आमच्याकडे त्याचा मंत्र बाईने पुरुषाला आणि पुरुषाने बाईला द्यायचा असतो. स्तामातिसला तो त्याच्या आजीने दिला होता. त्याने बशीत पाणी घेतलं, माझ्यासमोर धरलं, ओठांतल्या ओठांत पुटपुटत त्यात तेलाचे थेंब सोडले. मंत्र म्हणणाऱ्याला जांभया आल्या तर नजर जबर, असं समजतात. दुपारची वेळ, पोट भरलेलं. स्तामातिसला एकावर एक जांभया आल्या.

"बघितलंस? काय दांडगी नजर आहे सटवीची!" एव्हान्थिया म्हणाली.

शेवटच्या जांभईला बशी कलंडली आणि तेलपाणी माझ्या कळफलकात गेलं. माझ्या दोन कळा अजूनही चिकटतात. चक्रं फिरायची ती फिरतच राहिली.

रविवार उजाडला. मेलबर्नला दुपारी तीनला बाप्तिस्मा, म्हणजे आमच्याकडे सकाळी आठला. अर्गिरिसने निळी ओळ पाठवली होती. एव्हान्थिया चर्चला जायचा पोशाख घालून सातलाच माझ्यासमोर बसली. तिने ओळ दाबली. केसांचं तेल आलं. पुन्हा दाबली. चक्र आलं. शेवटी तिचे हात खाली आले आणि ती बारीक आवाजात म्हणाली, "माझ्या नातीचं नाव मला शेवटी फोनवरच कळणार का हो?"

स्तामातिस उठला. त्याने जोडेसुद्धा धड घातले नाहीत. तो थेट खाली गेला आणि मरिगोला घेऊन आला. मरिगोने आयुष्यभर बंदरावर तिकिटाच्या खिडकीत संगणकावर काम केलं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. या घरातच ते विसरले होते.

मरिगो दारातच थांबली. "डोळे घरी ठेवून आले असते, पण मग कळा कशा दिसणार?"

एव्हान्थिया खाली बघत खुर्चीवरून उठली. मरिगो माझ्यासमोर बसली. "हं. हे सुरू होण्याआधी यात नवीन काय घातलंत?"

"काहीच नाही!" एव्हान्थिया म्हणाली.

स्तामातिसचे कान लाल झाले. "एक घंटा घातली होती."

"कसली घंटा?"

"नामदिनाची. ज्याच्या नावाच्या संताचा दिवस असेल, त्या सकाळी वाजते. गेल्या सप्टेंबरात मी हिचा नामदिन विसरलो, तर आठवडाभर मला गार जेवण मिळालं. फुकट होती, म्हणून घेतली. ते विचारत गेलं, मी हो, हो, हो म्हणत गेलो."

"हो म्हणायची सवय तुला लग्नानंतर लागली," मरिगो म्हणाली आणि कामाला लागली.

मित्रांनो, घंटेबरोबर माझ्यात घुसलेल्या त्या भामट्याला काढणं सोपं नव्हतं. तिने आधी ती घंटा काढली. जाता जाता त्याने 'ठेवा' असं मोठ्या हिरव्या अक्षरांत आणि 'काढा' असं अगदी फिकट, बारीक अक्षरांत विचारलं. मरिगोने चष्मा वर केला आणि बारीक अक्षरं दाबली. मग ब्राउझरला चिकटलेला त्याचा जोडीदार उपटला. माझं पहिलं पान आणि शोधाची जागा पूर्वीसारखी केली. मला बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा चक्र! आठ वाजत आले होते. एव्हान्थियाने गळ्यातला क्रूस मुठीत धरला. मरिगोने त्या गोल चित्राची माहिती उघडली, तर ते दाबल्यावर काय उघडायचं ते सांगणाऱ्या ओळीच्या शेवटी त्या लबाडाने आपला पत्ता शेपटीसारखा जोडून ठेवला होता. तिने शेपटी छाटली. मला हलकं हलकं वाटलं. निळी ओळ दाबली आणि चर्च दिसलं!

मरिगो लगेच उठली. "मी निघते. कोवळं बाळ आहे. उगाच पुढे काही झालं तर माझं नाव नको."

एव्हान्थियाने तिचा हात धरला. तिचे डोळे वाहत होते. "मी तुला नको ते बोलले गं. वाटेल ते बोलले. बस इथे. माझ्या नातीला डोळे भरून बघ."

मरिगो बसली. तिकडे धर्मपित्याने बाळाला उचललं आणि मोठ्याने नाव घेतलं, "एव्हान्थिया!"

माझ्यासमोरची एव्हान्थिया शेजारी कलली. तिने मरिगोच्या खांद्यावर डोकं टेकवलं. निळे डोळे बाळाकडे बघत राहिले, पापणीही न लवता, आणि घरातलं कुणीही घाबरलं नाही.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. कुणी फुकट घंटा देऊ लागलं, तर प्रत्येक ओळ वाचा, मगच हो म्हणा. माझ्या डोक्यावरचा रुमालही अधूनमधून काढा, मला वारा लागू द्या. आणि मी कधी बिघडलोच, तर आधी घरात विचारा की कुणी काय दाबलं. बिचाऱ्या शेजारणीला ओले कपडे घेऊन आत जायला लावू नका.